चिकाटी

मराठी भाषेने काही शब्द एकाच कुळात जन्माला घातले आणि मग त्यांची सोयरीक अगदी निराळ्या घरांत करून दिली. ‘चिकट’ हा त्यांपैकी एक. चिकट हात कोणाला आवडत नाहीत; चिकट माणूस तर त्याहून नाही, कारण त्याच्या मुठीतून पैसा सुटत नाही आणि तो स्वतः आपल्या ओट्यावरून हलत नाही. पण याच शब्दाला थोडे सुशिक्षित वळण दिले की त्याची ‘चिकाटी’ होते, आणि मग तीच गोष्ट शाळेच्या भिंतीवर सुविचार म्हणून रंगवली जाते. या दोघांचा आणखी एक भाऊ आहे, तो शहरातल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. त्याचे नाव ‘चिकटा’. तो आमच्या परभणीकडे ज्वारीच्या पानावर राहतो.

रब्बीची ज्वारी पोटरीत आली, थंडी पडली, आभाळ चार दिवस ढगाळ राहिले की पानांच्या मागच्या अंगाला मावा बसतो. थोड्याच दिवसांत खालची पाने उन्हात तेल चोपडल्यासारखी चमकू लागतात. शेतातून नुसते फिरून आले तरी सदऱ्याच्या बाह्या चिकट होतात. आणखी काही दिवस गेले की त्या चकाकीवर काजळी धरते. पाने काळी पडतात, कडब्याची प्रत जाते आणि शेतकरी एवढेच म्हणतो, “चिकटा पडला.”

हा चिकटा म्हणजे माव्याने टाकून दिलेली साखर. पानाच्या शिरांतून वाहणाऱ्या रसात साखर उदंड असते, नत्र मात्र अगदी थोडे. माव्याला आपली पिलावळ वाढवायची तर नत्र हवे. म्हणून तो रस पीत सुटतो, त्यातले नत्र पोटात ठेवतो आणि नकोशी झालेली साखर मागल्या वाटेने बाहेर टाकतो. त्या उष्ट्या साखरेवर बुरश्यांची पंगत बसते. काळ्या थरात त्या कितीतरी जातींच्या असतात. पानांवर, फळांच्या सालीवर, पावसाळ्यात न्हाणीघराच्या ओल्या भिंतींवर जी एक काळी बुरशी जगभर आढळते, तिच्याविषयी मला आज लिहायचे आहे. तिचे नाव ऑरिओबॅसिडियम पुल्लुलान्स. नाव भारदस्त आहे, पण घाबरण्याचे कारण नाही. ‘पुल्लुलान्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कोंब फुटणारी’ एवढाच.

आमच्याकडे एक म्हण आहे: जगात जर्मनी आणि भारतात परभणी. तिचा अर्थ विचारू नये. परभणीकर ती अर्थासाठी म्हणत नाहीत, छाती फुगवण्यासाठी म्हणतात. पण या बुरशीच्या बाबतीत म्हणीचा पहिला अर्धा भाग खरा ठरला. १८६६ साली तिला पहिले शास्त्रीय नाव दिले ते डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. ती आपल्याभोवती जो डिंकासारखा पदार्थ सोडते, त्याला १९५९ साली ‘पुल्लुलान’ हे नाव दिले तेही बेंडर, लेमान आणि वालेनफेल्स या जर्मन संशोधकांनी. म्हणीचा दुसरा अर्धा भाग खरा करून दाखवावा, एवढाच काय तो या लेखाचा खटाटोप.

पुल्लुलान ही बहुशर्करा आहे. म्हणजे साखरेच्या मण्यांची माळ. ग्लुकोजचे तीन मणी एकत्र गुंफायचे, अशा तिनातिनांचे घोस एकापुढे एक जोडत जायचे की पुल्लुलान तयार. माळ एवढी साधी, पण तिचे गुण मोठे. पाण्यात ती सहज विरघळते. वाळवली की काचेसारखा पारदर्शक पापुद्रा होतो, आणि त्या पापुद्र्यातून प्राणवायू सहजी आत शिरत नाही. तिला रंग नाही, वास नाही, चव नाही. जपानमधील हायाशिबारा कंपनीने १९७६ पासून तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. आज तोंडात ठेवताच विरघळणाऱ्या पातळ पट्ट्या तिच्या होतात आणि औषधाच्या काही शाकाहारी कॅपसुलाही तिच्याच असतात.

या शेवटच्या गोष्टीचे आमच्या घरात विशेष कौतुक आहे. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. नेहमीची कॅपसूल जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनची असते, हे तिला कुणीतरी सांगितले, तेव्हापासून ती कॅपसूल उघडून आतली पूड पाण्यात टाकून घेई. पूड कडूजहर. ती गिळताना तिचा चेहरा पाहवत नसे, पण माळ घातलेल्या माणसाला काय सांगायचे? शाकाहारी कॅपसुला मिळू लागल्या. त्यांतल्या बऱ्याच झाडांच्या सेल्युलोजपासून बनवलेल्या असतात, काही या बुरशीच्या डिंकाच्या. बुरशीची म्हटल्यावर आईने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, “लोणच्यावरची बुरशी काढून लोणचं खातोच की आपण.” एका माळेने दुसरीला जवळ केले.

आता मुद्द्याची गोष्ट. ही बुरशी बहुरूपी आहे. जत्रेतल्या बहुरूप्यासारखी ती सकाळी एक आणि संध्याकाळी एक सोंग घेते. कधी ती पावाच्या किण्वासारखी एकपेशी असते. एका पेशीला बाजूने कोंब फुटतो, तो सुटून निराळा संसार थाटतो. कधी ती लांबत जाते, तिचे तंतू होतात आणि तंतूंचे जाळे पसरते. कधी तिची पेशी गोल फुगते, पण फुटत नाही, वाढत नाही, नुसती भरून राहते. आणि दिवस कठीण आले की हीच फुगीर पेशी आपल्याभोवती जाड भिंत बांधते, भिंतीला मेलॅनिनचा काळा रंग देते आणि दम धरून बसते. या शेवटच्या रूपाला क्लॅमिडोस्पोर म्हणतात. काळ्या पानावर जी काजळी दिसते, तिच्यात असल्या काळ्या भिंतींचा मोठा वाटा असतो.

मग पुल्लुलान यांतले कोणते रूप बनवते? प्रश्न वाटतो सोपा. पण शास्त्रज्ञ त्यावर पिढीभर भांडले. एडिंबरोच्या कॅटली यांनी १९८० साली बुरशीचे रूप आणि पुल्लुलान बाहेर पडण्याचा वेग यांचे नाते तपासले, तेव्हा त्यांचा कौल एकपेशी, किण्वासारख्या रूपाला पडला. १९९२ साली या बुरशीविषयी तोवर झालेल्या साऱ्या कामाचा आढावा एका इंग्रजी नियतकालिकात आला; त्याच्या तीन लेखकांची नावे देशपांडे, राळे आणि लिंच. तिनांतली दोन नावे वाचून मला आपल्या गल्लीतल्या माणसाचे नाव छापून आल्यासारखे वाटले. पुढच्याच वर्षी, १९९३ साली, सिमोन आणि त्यांचे फ्रेंच सहकारी म्हणाले की हा डिंक सोडतात त्या फुगलेल्या पेशी आणि क्लॅमिडोस्पोर. २००४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आपल्या लेखाला शीर्षकच प्रश्नाचे दिले: पुल्लुलानला जबाबदार कोणती रूपे? पहिल्या निकालानंतर चोवीस वर्षांनी खटला पुन्हा उभा राहिला होता!

एवढी शहाणी माणसे का भांडली, याचे कारण मला वर्गात उभे राहून चांगले कळते. ही रूपे वेगवेगळ्या खोल्यांत बसत नाहीत. एकाच भांड्यात चारही नांदतात. आज एक जास्त, उद्या दुसरे. त्यात डिंक सुटला की द्रव काकवीसारखा दाट होतो आणि कोणी काय केले ते वेगळे काढणे कठीण. शिवाय डिंक सुटतो त्याच वेळी रूपही बदलत असते. ज्याने आज पाहिले त्याला एक दिसते, दोन दिवसांनी पाहणाऱ्याला दुसरे. सहावीच्या वर्गाची हजेरी घेताना मलाही हेच वाटते. या बाकावरचा मुलगा अजून लहान आहे की मोठा झाला, हे हजेरीपटावरून सांगता येत नाही. दिवाळीच्या सुटीला गेला तो एक असतो, परत येतो तो दुसरा.

रूप आणि बहुशर्करा यांचे हे नाते नुसते बाहेर टाकलेल्या डिंकाचे नाही. पेशीची भिंतही बहुशर्करेचीच असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुकुंद देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंजामिनिएला पॉइट्रासी नावाच्या अशाच द्विरूपी बुरशीवर वर्षानुवर्षे काम केले. ग्लुकोजचे प्रमाण आणि उष्णता बदलली की ती किण्वाची तंतू होते आणि तंतूची किण्व होते. रूप बदलायचे म्हणजे भिंत मोडून पुन्हा बांधायची. भिंत कायटिनची, आणि कायटिन म्हणजे पुन्हा बहुशर्कराच. तेव्हा बुरशीचे रूप म्हणजे तिने साखरेचे काय केले याचा हिशेब, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. साखर बाहेर टाकली की डिंक, अंगाभोवती रचली की भिंत.

मात्र या डिंकाला सरसकट गोड म्हणू नये. आमच्या काळ्या जमिनीत दुसरी एक बुरशी राहते, स्क्लेरोशियम रॉल्फसाय. सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांच्या बुंध्याशी, अगदी मातीच्या पातळीवर, ती पांढऱ्या कापसासारखी पसरते, ऑक्झॅलिक आम्ल सोडून झाडाची मान कुजवते आणि दोन वितींचे हिरवे रोप बघता बघता माना टाकते. याला मानकूज म्हणतात. तिचे पांढरे तंतूही बहुशर्करा सोडतात. तिचे नाव स्क्लेरोग्लुकान. परदेशात टाक्यांतून या जातीच्या बुरश्या वाढवून तो डिंक काढतात आणि तेलविहिरी खणतानाच्या चिखलाला दाटपणा यावा म्हणून वापरतात. आमच्या शेतात जो तंतू हरभऱ्याचा गळा धरतो, तोच तिकडे कारखान्याचा पगारी नोकर आहे. आणि पीक मेल्यावर हे तंतू गोळा होऊन मोहरीएवढे तपकिरी दाणे बनतात. ते दाणे मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात. त्या रूपात बुरशी काही देत नाही, काही घेत नाही. नुसती वाट पाहते. शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो, तो या दाण्यांच्या भीतीने. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच काळ्या मातीच्या व्यथा तपासत बसले आहे.

१९७२ म्हटले की आमच्याकडच्या जुन्या माणसांना विद्यापीठ आठवत नाही, दुष्काळ आठवतो. आणि दुष्काळ म्हटला की मला एक सभा आठवते. एक पाहुणे वक्ते बोलत होते. आवाज चांगला होता. ते म्हणाले की मराठवाड्याची गरिबी हीच मराठवाड्याची खरी श्रीमंती. इथले साहित्य सकस आहे ते इथल्या अभावामुळे. अभावातच प्रतिभा पाझरते. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्यानेही टाळ्या वाजवल्या. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा हे वाक्य माझ्याही फायद्याचेच होते. तरी ते घशाखाली उतरेना. का उतरेना, ते मला पुढे या काळ्या बुरशीने समजावून सांगितले.

पुल्लुलान कधी पाझरते? भांड्यातले नत्र संपत आले की. नत्र भरपूर असेपर्यंत बुरशी वाढते, कोंब फुटतात, संख्या फुगते. नत्र संपले की वाढ थांबते आणि डिंक सुटू लागतो. एवढेच ऐकले तर त्या वक्त्यांना आनंद होईल; पाहा, अभावातच प्रतिभा! पण वाक्य इथे संपत नाही. नत्र संपले तरी भांड्यात साखर पाहिजे. ती भरपूर पाहिजे. साखरही संपली तर बुरशी डिंक सोडत नाही. ती उपाशी राहते, फार तर काळी भिंत बांधून बसते. आणि नुसत्या साखरेनेही भागत नाही. हवा खेळती लागते, पाण्याचा सामू सांभाळावा लागतो. पुल्लुलान हे उपासमारीचे फळ नाही. एक गोष्ट कमी आणि दुसरी मुबलक, अशा विषम पंगतीचे ते फळ आहे. ज्वारीच्या पानावरचा चिकटा आठवा. मावा नत्र घेऊन जातो आणि साखर सांडून ठेवतो. या बुरशीसाठी यापरते आयते पान कोण वाढणार?

१९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीला भरले, तेव्हा मी शाळेत होतो. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. त्यांच्या आयुष्यातील हालअपेष्टांचे दाखले त्या दिवसांत गावभर ऐकू येत. आजही अभावाचा महिमा सांगताना त्यांचेच नाव पुढे करतात. पण त्या गोष्टीत गंगाराम सुर्वे नावाचा एक गिरणी कामगार आहे, तो का विसरायचा? त्याने रस्त्यावर टाकून दिलेले तान्हे पोर उचलून घरी आणले, त्याला आपले नाव दिले, आपल्या तुटपुंज्या ताटातले वाढले आणि शाळेत घातले. ही साखर. ती नसती तर पुढे कवी झाला नसता. पोर जगले असते की नाही याचीच शंका. आम्ही भाषणांत अभाव मोजतो, आणि कुणीतरी सांडलेली ही साखर हिशेबात धरायची विसरतो.

हे सारे मला एवढे का लागले, ते सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. गंगाखेडच्या बालाघाटाकडील गावांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तसे तिचे आईबापही जातात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत कारखान्याच्या रानात राहायचे. आजी होती तोवर मुलगी गावी राहिली. आजी गेली आणि पोर कोप्यावर गेली. मी वर्गाला ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध घातला होता. साऱ्यांनी पावसाळा लिहिला. कारण निबंधाच्या पुस्तकात पावसाळा आहे. हिने लिहिले, मला उन्हाळा आवडतो, कारण उन्हाळ्यात आमच्या घराचं कुलूप निघतं. पुढच्या ओळीत तिने लिहिले होते की शाळेला तेव्हा सुटी असते, एवढं एक वाईट. वीस वर्षे कादंबऱ्या लिहून मला असे वाक्य सुचलेले नाही.

तिचे वय अकरा. ना धड लहान, ना मोठी. त्या फुगीर पेशीचे वय. अभाव तर तिच्याजवळ पोटापुरता आहे. तो कुणी वाढायला नको. आणखी पाच महिने ती उसाच्या फडात राहिली, वाढ्यांच्या मोळ्या बांधीत फिरली, तर तिच्यातून काही पाझरेल, असे कुणी सभेत म्हणू नये. मी असली पोरे पाहिली आहेत. ती एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा त्यांच्याभोवती भिंत असते. नाव विचारले तर सांगतात. दुसरे काही सांगत नाहीत. भिंत बांधण्यातही चिकाटी लागते, हे मला मान्य. पण ती दम धरून बसण्याची चिकाटी, मोहरीच्या दाण्याची.

किण्वनाच्या टाकीपाशी काम करणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट पाळावी लागते: वेळ. डिंक वेळेवर काढून घेतला नाही तर बुरशी त्यात आपला काळा रंग मिसळते, आणि तिचेच पाचकद्रव्य त्या लांब माळेचे तुकडे करू लागते. म्हणून कारखान्यांनी कमी काळ्या होणाऱ्या जाती शोधल्या, रंग काढून टाकण्याच्या युक्त्या काढल्या. शाळेच्या टाकीला अशी युक्ती नाही. तिथे वेळ पाळणे एवढेच हातात असते.

तेव्हा या वर्षी टोळ्या निघण्याआधी मी तिच्या घरी गेलो. उचल घेऊन झाली होती, ट्रॅक्टर ठरला होता, भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. शासनाची हंगामी वसतिगृहे अशाच मुलांसाठी असतात. तिथे ठेवा म्हणालो. बाप गप्प राहिला. आई म्हणाली, “गुरुजी, तिथं जेवायला काय देतात?” मी सांगितले. तिने थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. मी पुन्हा सांगितले: सकाळी नाश्ता, दोन वेळा भाकरी, वरण, भात, भाजी. निघताना, उंबऱ्यापर्यंत आल्यावर, तिने तिसऱ्यांदा विचारले. या वेळी मी म्हणालो, “आणि सणावाराला गोड.”

“गोड देतात?” ती म्हणाली, आणि पोत्यात बांधलेल्या भांड्यांतून मुलीचे ताट शोधून बाहेर काढू लागली.